विवाह व कुटुंब समुपदेशन (सोलापूर)

पती-पत्नी, आईवडील व मुले किंवा एका घरात राहणारे इतर आप्त यांच्यातील ताण हा कोणा एकाचा दोष न मानता नात्यांच्या गुंत्यात शोधणारी आणि त्या गुंत्यातच बदल घडवू पाहणारी उपचारपद्धती. तिला कुटुंबोपचार असेही म्हणतात. सोलापुरात ‘समुपदेशन’ हा शब्द बहुधा पाटीवर व कागदावर आढळतो. बोलण्यात ‘कौन्सिलिंग’ असते, आणि ‘कौन्सिलिंगची तारीख’ म्हणजे खटल्यातली आणखी एक तारीख, असे पक्षकार धरून चालतात. दिलजमाई, समझोता, बैठक या जुन्या शब्दांशीही त्याची सरमिसळ होते. ती अगदीच चुकीची नाही. पण सून पुन्हा नांदायला गेली की दिलजमाई संपते, आणि ती का नांदेनाशी झाली होती हा समुपदेशनाचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एक मत तो विवाहसल्ला केंद्रांत पाहते. न्यूयॉर्कमधील एब्राहम व हॅना स्टोन या डॉक्टर दांपत्याचे केंद्र (सु. १९२९), लॉस एंजेलिसमधील पॉल पोपनो यांची संस्था (१९३०) आणि विवाह-सल्लागारांची १९४२ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन संघटना हे त्याचे टप्पे होत. दुसरे मत स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या संशोधनाकडे बोट दाखवते. ग्रेगरी बेटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली द्विधाबंधाची कल्पना अशी : जवळचे माणूस एकाच वेळी दोन परस्परविरोधी आज्ञा देते, आणि ऐकणाऱ्याला त्यातून सुटताही येत नाही. रुग्णाच्या बोलण्याचा अर्थ घरातल्या बोलण्यात शोधण्याची ही सुरुवात मानतात. डॉन जॅक्सन, व्हर्जिनिया सटीर, मरे बोवेन व साल्वादोर मिनुचिन या कुटुंबोपचारकांच्या पद्धती याच काळातल्या किंवा थोड्या नंतरच्या. पुढे दोन्ही प्रवाह मिसळले. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये या व्यवसायाला परवाना लागू केला.

सोलापूरच्या दृष्टीने पहिले मत बाजूला सारता येत नाही. डॉ. ए. पी. पिल्ले यांच्या पुढाकाराने येथे १९२९ च्या सुमारास ‘सोलापूर युजेनिक्स एज्युकेशन सोसायटी’ ही संस्था निघाली. पिल्ले यांनीच १९३४ मध्ये मुंबईहून ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. विवाह, संततिनियमन व लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय होते. र. धों. कर्वे यांचे मुंबईतील संततिनियमन केंद्र (१९२१) याआधीचे असल्याने अग्रक्रमाचा मान सोलापूरकडे येत नाही. गिरणगाव म्हणून वाढलेल्या या शहराचे नाव मात्र त्या इतिहासात फार लवकर येते. काही अभ्यासक या संस्थेला भारतातील विवाह-समुपदेशनाची आरंभखूण मानतात. संस्थेचा रोख सुप्रजननाच्या (युजेनिक्स; निवडक संततीतून वंश सुधारण्याच्या विचाराच्या) प्रचारावर होता, नवरा-बायकोच्या नात्यावर नव्हता, हे पाहता तिला पूर्वसूरी म्हणावे, उगम म्हणू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात पोपनो हेही सुप्रजननवादीच होते. त्यांना अमेरिकेतील विवाह-समुपदेशनाचे एक जनक म्हणायचे आणि पिल्ल्यांना वगळायचे, यात सुसंगती नाही. १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया’ची सोलापुरात शाखा आहे, जुन्या धाग्याशी तिचा संबंध विषयापुरता जोडता येतो.

रुग्णाच्या कुटुंबाला उपचारात घेण्याचा भारतातील ठळक प्रयोग अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात केला. नातेवाईक आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहत. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबोपचाराला पुढे स्वतंत्र केंद्राचे रूप आले.

कायद्याची चौकट : सोलापुरात लोक समुपदेशकापर्यंत पोहोचतात ते बहुतेक न्यायालय किंवा पोलिसांमार्फत. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात असे न्यायालय स्थापणे राज्यावर बंधनकारक आहे. इतरत्र ते राज्याला आवश्यक वाटल्यास स्थापता येते. सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेनऊ लाख होती, त्यामुळे येथील कुटुंब न्यायालय दुसऱ्या तरतुदीत बसते. कलम ६ समुपदेशकांच्या नेमणुकीचे, कलम ९ तडजोडीचा प्रयत्न करण्याच्या न्यायालयाच्या कर्तव्याचे. समुपदेशकासमोर झालेले बोलणे गोपनीय असते, ते पुरावा म्हणून वापरता येत नाही. पक्षकारांचा यावर सहजी विश्वास बसत नाही. ‘हे साहेबांना (न्यायाधीशांना) कळेल का’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो.

परस्परसंमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांची मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. समुपदेशनाला मिळणारा वेळ त्यामुळे काही प्रकरणांत आटला.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६) मधील समुपदेशन वेगळ्या जातीचे आहे. त्याखालील नियमांनुसार मारहाणीचे कोणतेही समर्थन प्रतिवादीला बैठकीत मांडता येत नाही. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून’ हे वाक्य तिथे चालत नाही. दोघांना एकत्र बसवावे की वेगवेगळे, यावर उपचारकांत मतभेद आहेत; हिंसा चालू असेतो एकत्र बसवू नये, असे मानणाऱ्यांची बाजू सावध आणि म्हणूनच सरस. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने हिंसापीडित स्त्रियांसाठी सुरू केलेल्या विशेष कक्षाचा नमुना राज्यात नंतर पसरला. त्यातील कार्यकर्ती पोलीस ठाण्यात बसते पण पोलीस नसते.

कार्यपद्धती : पहिल्या एक-दोन बैठकांत कुटुंबाचा नकाशा काढतात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, विवाहासाठी आडवी रेघ, वादासाठी नागमोडी रेघ आणि रक्तसंबंधातील विवाहासाठी दुहेरी रेघ. सोलापुरात हा नकाशा अनेकदा पाठ्यपुस्तकाबाहेर जातो. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड व दखनी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. तेलुगू समाजात आते-मामे भावंडांच्या विवाहाला ‘मेनरिकम’ म्हणतात. काही तेलुगू व कन्नड भाषक घरांत मामा-भाचीचाही विवाह होतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हे नाते निषिद्ध मानतो, मात्र रूढी असेल तर सूट देतो.

अशा विवाहात नवरा हा आईचा भाऊ आणि सासू ही आईची आई असते. ‘सासूशी पटत नाही का?’ असे विचारले की उत्तर येते, ‘सासू कसली, आज्जीच आहे माझी.’ कागदावर दोन वर्तुळे काढावीत की एकच, इथे पेन थांबते. अडचण चिन्हांपुरती नाही. मराठी घरात लग्नात नवरीमागे मामा उभा राहतो आणि पुढे भांडण झाले तर बैठकीला बहुधा तोच बसतो. येथे मामाच नवरा आहे. आईने लेकीची बाजू घ्यावी तर ती स्वतःच्या भावाविरुद्ध आणि आईविरुद्ध जाते. माहेर हे दुसरे घर राहतच नाही. परदेशी पाठ्यपुस्तकांतील ‘मूळ कुटुंब’ आणि ‘विवाहोत्तर कुटुंब’ ही विभागणी त्यामुळे इथे उपयोगी पडत नाही, आणि मध्यस्थ म्हणून चुलते, आत्या किंवा शेजारची जाणती बाई शोधावी लागते.

दुसरा स्थानिक घटक विडीचा. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर मोजली जाते. समुपदेशनाला गेलेला अर्धा दिवस म्हणजे तेवढ्या विड्या कमी. सूप मांडीवर, कात्री हातात आणि बोलणे चालू, अशी गृहभेट त्यामुळे कार्यालयातल्या बैठकीपेक्षा फलदायी ठरते. कुंभारी येथे महिला विडी कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या १०,००० घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या ठिकाणी घर बाईच्या नावावर असले, तर ‘माझ्या घरातून चालती हो’ ही धमकी पोकळ ठरते. वादाचा विषय मग घर कोणाचे हा न राहता कर्जाचा हप्ता कोण भरतो, हा होतो.

जात वा समाजाच्या पंचांपुढे बैठक बसवण्याची पद्धत पूर्ण सुटलेली नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या महाराष्ट्र अधिनियमाने पंचांच्या दंड व बहिष्काराला आळा घातला. नुसत्या समजुतीच्या बैठकीला तो लागू नाही.

प्रशिक्षण : भारतात कुटुंबोपचारकाला अमेरिकेसारखा स्वतंत्र परवाना नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या (१९९२ चा अधिनियम) नोंदवहीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ येतात, कुटुंब समुपदेशक नावाचा वर्ग त्यात नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या अधिनियमाने समुपदेशक व मनोरुग्ण समाजकार्यकर्ते यांना एका छत्राखाली आणले. व्यवहारात समाजकार्य किंवा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी हाच मार्ग असतो. सोलापुरात समाजकार्याचे शिक्षण वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात मिळते. 

प्रशिक्षणात क्षेत्रकार्याला महत्त्व आहे. विद्यार्थी बैठकीनंतर संवाद आठवून जसाच्या तसा लिहितो आणि पर्यवेक्षक त्यावर चर्चा करतो. स्वतःच्या कुटुंबाचा नकाशा आधी काढायला लावतात, आणि पुष्कळ विद्यार्थी तिथेच अडखळतात. भाषेचे प्रशिक्षण अभ्यासक्रमात येत नाही. शहराच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात तेलुगू न येणारा नवशिका घरातल्याच कोणाला तरी दुभाषी करतो, आणि सुनेची तक्रार त्याला सासूच्या मराठीतून ऐकायला मिळते.