गोड्या बर्फाचा माग

पिरी रेईसच्या नकाशाचा मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून उगवतोच. १५१३ सालच्या या तुर्की नकाशात म्हणे बर्फाखालचा अंटार्क्टिका दिसतो. म्हणजे तिथे बर्फ नव्हता तेव्हा कुणा प्रगत लोकांनी तो मोजून ठेवला होता! तिथली हिमचादर साधारण ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी पसरू लागली. तेव्हा मोजणारा माणूस कुठून आणायचा, हे मेसेजमध्ये नसतं.

खरा शोध लागला तो बर्फामुळेच, आणि खंड डोळ्यांनी दिसण्याआधी.

जेम्स कुकची जहाजं १७ जानेवारी १७७३ रोजी दक्षिण ध्रुववृत्त ओलांडून गेली. त्याआधी कुणी ते ओलांडल्याची नोंद नाही. त्याच महिन्यात त्याच्या खलाशांनी समुद्रात तरंगणारा बर्फ फोडून जहाजावर घेतला होता. वितळवला तर पाणी गोडं! पुढच्या वर्षी ३० जानेवारीला ७१ अंश १० मिनिटं दक्षिणेला बर्फाने वाट अडवली. आत ९७ हिमनग मोजून तो परतला. जमीन दिसली नाही, पण हा बहुतेक बर्फ जिथून येतो अशी जमीन ध्रुवाजवळ असणार, असं त्याने लिहून ठेवलं.

त्या काळी अनेक विद्वान मानत की खारं पाणी गोठत नाही, त्यामुळे बर्फ दिसला की जवळ नद्या आणि जमीन असणारच. हे साफ चूक. समुद्र गोठतो, फक्त फार आढेवेढे घेऊन.

तळ्याचं पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. त्याखाली थंड होणारं पाणी हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तळं वरून चटकन गोठतं. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते गोठेपर्यंत जडच होत जातं. थंड झालेला थर खाली बुडतो, खालचं उबदार पाणी वर येतं, तेही थंड होऊन बुडतं. असा वरचा जाड थर उणे १.८ अंशांपर्यंत आला की मग कुठे बर्फ धरतो. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. बरंचसं मीठ बाहेर ढकललं जातं, उरलेलं दाट खारं पाणी बर्फातल्या बारीक कप्प्यांत अडकतं आणि हळूहळू झिरपतं. हे थंड, खारट, जड पाणी अंटार्क्टिकाच्या काही किनाऱ्यांवरून उतरत थेट महासागरांच्या तळाशी जातं. म्हणून विषुववृत्तापाशीही खोल समुद्र थंडगार असतो. अर्थात क्षारतेनुसार सारे आकडे सरकतात. किलोमागे सुमारे २५ ग्रॅमच्या खाली क्षार असतील तर पाणी पुन्हा तळ्यासारखंच वागतं.

मग कुकचा निष्कर्ष बरोबर कसा? कारण त्याच्याभोवती दोन्ही जातींचा बर्फ होता. वाट अडवणारा बराचसा बर्फ समुद्रातच गोठलेला. पण सपाट माथ्याचे ते अजस्र हिमनग जमिनीवरचे. हजारो वर्षांचं हिम दबून बर्फ होतो, स्वतःच्या वजनाने समुद्राकडे सरकतो, किनाऱ्यापुढे तरंगत राहतो आणि तुटतो. त्यात मीठ येणारच कुठून?

अशा तरंगत्या बर्फाची उभी भिंत जेम्स क्लार्क रॉसला १८४१ मध्ये भेटली. हिमनगांचा कारखानाच तो! त्याआधी, जानेवारी १८२० मध्ये, रशियाच्या बेलिंग्सहाउझेनला बर्फाचा किनारा दिसला होता आणि अवघ्या काही दिवसांत ब्रिटिश नौदलाच्या ब्रान्सफील्डला अंटार्क्टिक द्वीपकल्पाचे डोंगर. पहिला कोण, हा वाद अजून चालतो. बर्फाच्या कडेला खंड म्हणायचं का, यावर उत्तर ठरतं. मला बेलिंग्सहाउझेनचा दावा पटतो, कारण तो बर्फ जमिनीवरूनच आलेला होता.

भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. पुढे १९८३-८४ मध्ये आपलं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, असल्याच तरंगत्या बर्फावर उभारलं गेलं. काही वर्षांत ते हिमात गाडलं गेलं. नंतरचं ‘मैत्री’ मात्र खडकावर आहे.