ऑपरेशननंतरचं दुखणं, अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया आणि मॉर्फिनचं बटण

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी खोकायला सांगून बघा, टाक्यांवर उशी दाबून धरतो आणि अर्धाच खोकतो. दुखतंय म्हणून खोल श्वास घेत नाही, मग कफ छातीत साठतो, चालायचं टाळतो मग पायात गुठळी व्हायचा धोका, म्हणजे "करा जरा सहन" म्हणून भागत नाही, दुखणं दाबावंच लागतं. त्यासाठी मॉर्फिन आणि त्याच्या जातीची औषधं असतात, दुखण्यावर एकदम पक्की, पण मळमळ, उलट्या, गुंगी, पोट साफ न होणं हे सगळं सोबत घेऊन येतात आणि डोस जास्त झाला तर श्वासच मंदावतो. म्हणून ही औषधं कमी कशी लागतील याची सगळी धडपड. अ‍ॅक्युपंक्चरकडे (अंगावर ठरलेल्या जागी बारीक सुया टोचायची चिनी पद्धत) पण याच नजरेने बघायचं, औषधाच्या ऐवजी नाही, औषधाच्या जोडीला.

लोकांच्या डोक्यात मात्र भलतंच चित्र असतं, की चीनमध्ये म्हणे सुया टोचून भूल न देता ऑपरेशन करतात. याला हवा मिळाली १९७१ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये (म्हणजे आजचं बीजिंग) असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं आणि त्यांनी त्यावर लेख लिहिला. पण ऑपरेशन नेहमीची भूल देऊनच झालं होतं, सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून त्रास व्हायला लागला तेव्हा! कोपरात आणि गुडघ्याखाली. गोष्ट फिरता फिरता बदलली, दुसरं काय.

आता फायदा होतो का हे मोजणार कसं? "बरं वाटतंय का" विचारलं तर माणूस भिडेखातर पण हो म्हणतो. इथे एक पंप फार कामाला येतो. दुखलं की पेशंटने स्वतः बटण दाबायचं, ठरलेला डोस शिरेतून जातो आणि किती औषध गेलं ते मशीन लिहून ठेवतं (सारखं दाबत बसलं तरी मर्यादेबाहेर जात नाही, घाबरू नका). किती मॉर्फिन लागलं हा आकडा मला तरी शब्दांपेक्षा जास्त खरा वाटतो. २००८ मध्ये १५ ट्रायल्स एकत्र करून बघितल्या तेव्हा खोट्या अ‍ॅक्युपंक्चरच्या तुलनेत ही औषधं ८ तासांत सुमारे २१ टक्के आणि ७२ तासांत सुमारे २९ टक्के कमी लागली होती. जादू नाही, पण अगदी फुकटही नाही.

आता "खोटं अ‍ॅक्युपंक्चर" म्हणजे काय तर सुई मुद्दाम चुकीच्या जागी टोचायची, नाहीतर नाटकातल्या खंजिरासारखी टोक आत सरकणारी बोथट सुई वापरायची. गोची अशी की बोथट सुई पण त्वचेला टोचतेच, आणि टोचणाऱ्याला तर माहीतच असतं की खरी कुठली.

आणि शरीरात होतं काय? आपलं शरीर स्वतःच मॉर्फिनसारखी रसायनं बनवतं, एन्डॉर्फिन वगैरे. १९७७ मध्ये दिसलं की नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध, दिलं की अ‍ॅक्युपंक्चरचा फायदा पण उतरतो. झालं, सिद्ध झालं म्हणायचं? थांबा. पुढच्याच वर्षी अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर दिसलं की नुसत्या खोट्या औषधाने आलेला आराम पण नॅलोक्सोनने जातो. म्हणजे विश्वासाने आलेला आराम आणि सुईने आलेला आराम, दोघांचा रस्ता निदान काही भाग तरी एकच आहे, मग "हे सगळं मनाचं आहे" याला अर्थ काय उरतो? मनाचं पण शेवटी रसायनातूनच येतं ना. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुई फिरवलेल्या जागी अ‍ॅडेनोसिन वाढलेलं दिसलं, ते आजूबाजूच्या नसांचं दुखणं दाबतं, म्हणजे सगळंच मेंदूत घडतं असंही नाही.

दुखण्यापेक्षा भक्कम पुरावा खरं तर ऑपरेशननंतरच्या उलट्यांचा आहे. मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं, दोरीसारख्या लागणाऱ्या दोन कंडरांच्या (टेंडन) मधे जो पॉइंट आहे तो टोचला किंवा नुसता दाबला तरी मळमळ कमी होते. दाबायला सुई लागत नाही, सोपं काम.

टोचून घेणार असाल तर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पेसमेकर असेल तर सुईला करंट जोडायचा प्रकार आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि सुया एकदाच वापरून फेकायच्या, सीलबंद पाकिटातल्याच हव्यात.