इदोर की नेरो? एकाच पाण्याला ग्रीकमध्ये दोन शब्द का

इंग्रजी-ग्रीक शब्दकोशात ‘वॉटर’ शोधलं, की दोन शब्द समोर येतात: नेरो आणि इदोर. ‘ब्रेड’ला प्सोमी आणि आर्तोस, ‘वाइन’ला क्रासी आणि इनोस, ‘हाउस’ला स्पिती आणि इकोस, ‘फिश’ला प्सारी आणि इख्थिस. नवशिक्याला वाटतं, हे समानार्थी शब्द आहेत, कुठलाही वापरावा. थोडा पुढे गेलेला म्हणतो, दुसरा शब्द भारदस्त दिसतोय, तर परक्या देशात पाहुणा म्हणून तोच बरा. दोघांचंही चुकतं. अथेन्सच्या खानावळीत ‘इदोर’ मागितलं तर पाणी मिळेल, पण वेटर हसू दाबत आणेल.

आपल्याकडे जलसंपदा खातं असतं आणि तहान लागली की पाणी लागतं. एवढं साम्य डोक्यात ठेवायला हरकत नाही, पण ते लांबवर नेऊ नये. जल आणि पाणी एकाच मराठीत, एकाच व्याकरणात सुखाने नांदतात. नेरो आणि इदोर यांच्यामागे मात्र दोन वेगळ्या ग्रीक भाषा उभ्या होत्या. त्यांच्या भांडणात माणसं मेली आणि सरकार पडलं.

त्यातली एक दिमोतिकी, म्हणजे लोकांची, बोलीतून वाढलेली. दुसरी काथारेवुसा, म्हणजे ‘शुद्ध होत जाणारी’. पुष्कळ जण काथारेवुसाला प्राचीन ग्रीक समजतात. ती प्राचीन नाही. प्लेटो काथारेवुसा बोलत नव्हता, आणि चर्चमधली प्रार्थनाही काथारेवुसात नसते. तिथली ग्रीक त्याहून कितीतरी जुनी आहे. काथारेवुसा ही मुख्यतः 19व्या शतकात घडवलेली लिखाणाची भाषा. ऑटोमन सत्तेविरुद्ध 1821 मध्ये उठाव झाला, नवं राष्ट्र उभं राहू लागलं आणि प्रश्न आला की या राष्ट्राने लिहायचं कसं? काहींना थेट प्राचीन ग्रीककडे परत जायचं होतं. स्मिर्नात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेले विद्वान आदामान्दिओस कोराइस यांनी मधली वाट सुचवली: लोकांची भाषाच घ्यायची, पण तिच्यातले तुर्की आणि इतर परके शब्द काढायचे आणि झिजलेली रूपं दुरुस्त करायची. पुढे त्या मधल्या वाटेवरून राज्यकर्ते आणि प्राध्यापक हळूहळू प्राचीनतेच्या टोकाकडे सरकत गेले. शाळा, न्यायालयं, सरकारी कागद सगळे काथारेवुसात गेले आणि घरात, बाजारात, बंदरावर दिमोतिकीच राहिली.

फरक फक्त शब्दांचा असता तर एवढं बिनसलं नसतं. मूल म्हणजे दिमोतिकीत ‘पेदी’, काथारेवुसात ‘पेदिओन’. शतकानुशतकं गळून गेलेली शेपटी परत चिकटवलेली. बोलण्यातून कधीच लुप्त झालेली चतुर्थी विभक्ती कागदावर जिवंत ठेवलेली. मुलाने घरी शिकलेली भाषा शाळेत चुकीची ठरायची. अशा परिस्थितीला भाषाशास्त्रात डायग्लॉसिया म्हणतात. चार्ल्स फर्ग्युसनने 1959 मध्ये या विषयावर लेख लिहिला तेव्हा त्याने घेतलेल्या चार उदाहरणांपैकी एक ग्रीक होतं. बाकीची तीन अरबी, स्विस जर्मन आणि हैतीची क्रिओल.

आता ‘शुद्ध’ या दाव्याकडे जरा जवळून बघू, कारण मला तो सगळ्यात गमतीचा वाटतो. नेरो हा कुठून बाहेरून घुसलेला शब्द नाही. मूळ प्रयोग ‘ताजं पाणी’ असा होता, त्यातलं ‘पाणी’ गळलं आणि ‘ताजं’ या विशेषणाचं झिजून नेरो झालं. क्रासी आला ‘क्रासिस’वरून, म्हणजे मिसळण, प्राचीन ग्रीक वाइनमध्ये पाणी मिसळून पीत, नुसती पिणं त्यांना रानटीपणाचं वाटे. प्सोमीचं मूळ ‘घास’, आणि तो शब्द योहानाच्या शुभवर्तमानात आहे: शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू यहूदाला भाकरीचा जो तुकडा बुडवून देतो, तो ‘प्सोमिओन’. पाच भाकरी आणि दोन मासे ही गोष्ट त्याच ग्रंथात येते, आणि तिथल्या माशांना ‘ओप्सारिआ’ म्हटलंय, आजच्या प्सारीचा थेट पूर्वज. म्हणजे ज्यांना गावंढळ म्हणून हाकलायचं होतं, ते शब्द बायबलइतके जुने निघाले.

स्पितीची गोष्ट वेगळी आहे. तो लॅटिन ‘होस्पितिउम’चा घासलेला अवतार. पोर्ता, म्हणजे दार, हाही लॅटिन. आस्प्रो, म्हणजे पांढरा, तोही. पण रोमन साम्राज्यापासून तोंडात रुळलेल्या शब्दाला 19व्या शतकात परका ठरवायचं, तर मग घराला घर म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

या वादाचा स्फोट झाला 1901 मध्ये, आणि इथे मुंबईचा एक खरा धागा आहे. आलेक्सांद्रोस पालिस हा पिरेअसमध्ये जन्मलेला माणूस राली ब्रदर्स या ग्रीक व्यापारी पेढीत नोकरीला होता. या पेढीच्या कामासाठी तो मँचेस्टरला गेला, नंतर बरीच वर्षं मुंबईत राहिला, शेवटी लिव्हरपूलला स्थिरावला. त्याची मुलगी मारिएत्ता, जी पुढे वनस्पतींचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ झाली, तिचा जन्म 1882 मध्ये मुंबईतच झाला. पेढीचं नाव आपल्याकडे अजून जिवंत आहे. कीटकनाशकांच्या डब्यांवर शेतकरी जे ‘रॅलीज’ वाचतात, ते तेच. हा पालिस कट्टर दिमोतिकीवाला. त्याने होमरचं इलियड लोकभाषेत आणलं, आणि मग मत्तयाचं शुभवर्तमान. ‘आक्रोपोलिस’ या अथेन्सच्या दैनिकात ते क्रमशः छापून येऊ लागलं आणि शहर पेटलं. देवाचा शब्द कोळ्या-भाजीवाल्यांच्या भाषेत? विद्यार्थी रस्त्यावर उतरले, विद्यापीठ ताब्यात घेतलं, ऑलिंपियन झ्यूसच्या मंदिराच्या खांबांपाशी प्रचंड सभा झाली. नोव्हेंबरातल्या त्या दंगलीत आठ जण मेले. अथेन्सच्या मुख्य धर्मगुरूंना पायउतार व्हावं लागलं आणि थेओतोकिस यांचं सरकार गेलं.

1911 च्या राज्यघटनेत तर कलमच घातलं: राज्याची भाषा तीच, जिच्यात घटना आणि कायदे लिहिले जातात, ती बिघडवण्याचा प्रयत्न निषिद्ध. दिमोतिकीवाल्यांना ‘माल्यारी’, म्हणजे केसाळ, झिंज्यावाले, असं हिणवलं जाई. पुढचा इतिहास झोपाळ्यासारखा. 1917 मध्ये वेनिझेलोस सरकारने प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गांत दिमोतिकी आणली, 1920 मध्ये सरकार बदलल्यावर ती मागे रेटली गेली. 1964 मध्ये तिला शिक्षणात बरोबरीचं स्थान मिळालं, 1967 मध्ये लष्करशहा आले आणि त्यांनी पुन्हा काथारेवुसाला कवटाळलं. काथारेवुसाचा शेवट खरं तर त्यांनीच केला. 1974 मध्ये हुकूमशाही कोसळली तेव्हा ती भाषा कर्नलांच्या फर्मानांची भाषा म्हणून लोकांच्या मनातून पार उतरली होती. 1976 च्या 309 क्रमांकाच्या कायद्याने दिमोतिकी शिक्षणाची भाषा झाली, पाठोपाठ सरकारी कामकाजाचीही. 1982 मध्ये अक्षरांवरच्या जुन्या खुणांचं जंगल साफ करून एकच आघातचिन्ह ठेवलं. 1975 ची राज्यघटना काथारेवुसात लिहिलेली होती, ती 1986 मध्ये दिमोतिकीत आणली.

म्हणजे दिमोतिकी जिंकली. मग शब्दकोशात इदोर, आर्तोस, इकोस अजून कशाला?

कारण हरलेली भाषा गेली नाही. तिने वेगळी कामं धरली. अथेन्सच्या कुठल्याही गल्लीत बेकरीवर पाटी असते ‘आर्तोपिईओ’, आत आर्तोस आहेच. त्या पाटीखालून आत जाऊन गिऱ्हाईक म्हणतं ‘एना प्सोमी’. आणि घरी सांगताना आर्तोपिईओही नाही, ‘फूर्नोसवर जाऊन येतो’ म्हणतात, म्हणजे भट्टीवर. मासळीच्या दुकानावर ‘इख्थिओपोलिओ’, बोलताना ‘प्सारादिको’. खाटकाकडे ‘क्रेओपोलिओ’, बोलताना ‘खासापिको’. (हा खासापिको तुर्कीमार्गे आलेला अरबी ‘कस्साब’, आपल्या ‘कसाब’चं मूळही तेच.)

भाषांतर करणाऱ्याच्या कामाचा आडाखा इथेच सापडतो. वस्तू सुटी असेल, हातात, ताटात, पेल्यात असेल, तर दिमोतिकी. तीच वस्तू समासात, व्यवसायाच्या किंवा संस्थेच्या नावात शिरली, की काथारेवुसा. दात ‘दोन्दी’, पण दातांचा डॉक्टर ‘ओदोन्दिआत्रोस’. डोळा ‘माती’, डोळ्यांचा डॉक्टर ‘ओफ्थाल्मिआत्रोस’. ताटातलं काळीज, म्हणजे लिव्हर, ‘सिकोती’. डॉक्टरच्या अहवालात ‘इपार’. नळ गळायला लागला तर येणारा प्लंबर ‘इद्राव्लिकोस’, त्यात इदोर आहे, आणि तो थांबवतो ते नेरो.

नावांच्या बाबतीत हा नियम फारच कडक आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांचं व्हाइट हाउस ग्रीकमध्ये ‘लेफ्कोस इकोस’, दोन्ही शब्द काथारेवुसाचे. रोजच्या शब्दांत ‘आस्प्रो स्पिती’ म्हटलं तर एखाद्या बेटावरचं चुना फासलेलं घर डोळ्यांपुढे येईल. लाल म्हणजे ‘कोकिनो’, पण रेड क्रॉस ‘एरिथ्रोस स्ताव्रोस’ आणि तांबडा समुद्र ‘एरिथ्रा थालासा’. वाइनच्या बाटलीवर ‘इनोस एरिथ्रोस’ छापलेलं असतं, आणि ती मागवताना तोंडातून येतं ‘कोकिनो क्रासी’. बाटली तीच. शब्द शब्दाला लावून भाषांतर करणारा इथे हमखास आपटतो, कारण त्याचा एकही शब्द कोशाप्रमाणे चुकीचा नसतो.

ही वाटणी सभ्य आणि असभ्य अशी नाही, याचा सगळ्यात चांगला पुरावा फुटबॉलमध्ये आहे. दार म्हणजे पोर्ता. जुना शब्द ‘थिरा’. घराचं दार, गाडीचं दार पोर्ता. पण स्टेडियमचं प्रवेशद्वार थिरा, आणि ग्रीसमधले सगळ्यात आक्रमक चाहते आपली ओळख याच पंडिती शब्दाने सांगतात: ओलिंपियाकोसचे ‘थिरा 7’, पानाथिनाइकोसचे ‘थिरा 13’. 8 फेब्रुवारी 1981 रोजी पिरेअसच्या काराइस्काकिस स्टेडियममध्ये सातव्या दारापाशी झालेल्या चेंगराचेंगरीत 21 जण गेले, तेव्हापासून ‘थिरा 7’ हे शब्द उच्चारताना ग्रीक माणसाचा आवाज बदलतो. तिथे पोर्ता म्हणून कुणी बघावं!

जोडीतल्या दोघांचे अर्थ पार दुरावलेलेही आहेत. ‘त्रापेझा’ म्हणजे जुन्या ग्रीकमध्ये टेबल. सराफ टेबल मांडून बसत, म्हणून आज त्रापेझा म्हणजे बँक. जेवणाचं टेबल ‘त्रापेझी’. शेवटच्या एका स्वराचा फरक, आणि नवशिक्या खानावळीत जाऊन चौघांसाठी बँक मागतो.

उलट दिशेनेही बघायला हवं, नाहीतर काथारेवुसावर अन्याय होईल. तिच्या कारखान्यात घडवलेले कितीतरी शब्द आज रस्त्यावरचा माणूस विचार न करता वापरतो. वर्तमानपत्राला आधी ‘गाझेता’ म्हणत, आता ‘एफिमेरिदा’. मोटार ‘आफ्तोकिनितो’, सायकल ‘पोदिलातो’, बस ‘लेओफोरिओ’, पोस्ट ‘ताखिद्रोमिओ’. असे नवे शब्द इतके निघाले, की स्तेफानोस कुमानुदिस या विद्वानाने त्यांचा संग्रहच केला. तो 1900 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. आगगाडीच्या बाबतीत मात्र बरोबरी झाली: रेल्वे ही व्यवस्था ‘सिदिरोद्रोमोस’, लोखंडी वाट, पण पकडायची ती ‘त्रेनो’.

आणि ती मेलेली चतुर्थी? इंग्रजी ‘ओके’ला ग्रीक ‘एन्दाक्सी’ म्हणतो. टॅक्सीवाला, शाळकरी पोर, फोनवरची आई, दिवसातून शंभरदा. मूळ ‘एन ताक्सी’, म्हणजे ‘व्यवस्थेत, रांगेत’, अस्सल चतुर्थी. सेलच्या पाटीवरचे 20 टक्के वाचताना ‘इकोसी तिस एकातो’ म्हणतात. ते ‘तिस’ चतुर्थीचं. ‘दोक्सा तो थेओ’, देवाची कृपा, तिथेही तीच. ज्या विभक्तीसाठी पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी मार खाल्ला, ती आता कुणाला विभक्ती म्हणून दिसतही नाही.

अथेन्सच्या पाणीपुरवठा कंपनीचं नाव एव्दाप. ती 1980 मध्ये स्थापन झाली, म्हणजे दिमोतिकीचा कायदा होऊन चार वर्षं उलटल्यावर, तरी तिच्या पूर्ण नावात ‘आपोखेतेफ्सेओस’ हे सांडपाण्याचं षष्ठीरूप काथारेवुसाचंच आहे. दिमोतिकीप्रमाणे ‘आपोखेतेफ्सिस’ व्हायला हवं होतं. मध्यवर्ती बँकेच्या नावातही देश ‘एलादोस’ आहे, बोलण्यातला ‘एलादास’ नाही. कुणी बदलायच्या भानगडीत पडत नाही.

बेटांवर जाणाऱ्यांसाठी एवढंच, की सान्तोरिनीचं अधिकृत नाव ‘थिरा’ आहे आणि बोटीच्या वेळापत्रकात ते तसंही दिसू शकतं. उच्चार अगदी स्टेडियमच्या दारासारखा, स्पेलिंग वेगळं, आणि दाराशी त्याचा काही संबंध नाही.