४० यार्डांच्या टायमिंगवरून रनिंग बॅक ठरत नाही

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजची पोरं निवडायची वेळ, जवळ आला की तेच ऐकायला मिळतं, कॉलेजचा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा खेळाडू) ४० यार्ड ४.४ सेकंदांत पळाला नाही तर पुढे त्याचं काही खरं नाही. अहो, असं नसतं! २०१४ ला ड्राय आर्चर ४.२६ मध्ये पळाला, पिट्सबर्ग स्टीलर्स संघानं ड्राफ्टच्या तिसऱ्या राउंडला घेतला, आणि एनएफएलमध्ये बॉल घेऊन धावत काढले किती तर ४० यार्ड. उलट टोलेडो कॉलेजचा करीम हंट ४.६२ वाला, तोही तिसऱ्याच राउंडचा, आणि २०१७ ला पहिल्याच सीझनला १,३२७ यार्ड काढून अख्ख्या लीगमध्ये पहिला.

मॅचमध्ये सरळ मोकळं मैदान मिळतंच कुठे? लेव्हिऑन बेल आठवा, बॉल घेऊन पुढे वाट अडवणाऱ्या आपल्या खेळाडूंच्या लाइनमागे जवळजवळ थांबायचाच, त्या लाइनमधला गार्ड कुठे सरकतोय ते बघायचा आणि फट दिसली रे दिसली की आत घुसायचा. ही नजर स्टॉपवॉचमध्ये येत नाही.

मी तर कॉलेजच्या क्लिप्समध्ये आधी बॉल हातात नसतानाचे प्ले बघतो, अंगावर येणारा लाइनबॅकर (समोरच्या संघाचा बचावपटू) पोरगा वेळेत ओळखून अडवतो का, कारण तिथे चुकला की क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा आपला खेळाडू) आडवा होतो आणि मग थर्ड डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, जिथे बहुतेकदा बॉल फेकतात, कोच त्याला बाहेरच बसवतात.