दोलोरेसची हाक (ग्रीतो दे दोलोरेस)

मेक्सिकोच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा प्रारंभ मानली जाणारी घोषणा आणि तिच्या स्मरणार्थ दरवर्षी १५ व १६ सप्टेंबर रोजी साजरा होणारा राष्ट्रीय उत्सव. ग्वानाह्वातो प्रांतातील दोलोरेस या गावचा धर्मगुरू मिगेल इदाल्गो याने १६ सप्टेंबर १८१० रोजी सकाळी ही हाक दिली. स्वातंत्र्य प्रत्यक्षात मिळाले ते ११ वर्षांनी, २७ सप्टेंबर १८२१ रोजी स्वातंत्र्यवादी सेनानी इतुर्बिदेचे सैन्य राजधानीत शिरले तेव्हा. तरीही राष्ट्राने उत्सवासाठी विजयाचा दिवस न निवडता उठावाचा दिवस निवडला.

नेपोलियनने १८०८ मध्ये स्पेनचा राजा सातवा फेर्नांदो याला सिंहासन सोडायला लावून फ्रान्समध्ये नजरकैदेत ठेवले. मेक्सिको या स्पॅनिश वसाहतीचा कारभार आता कोणाच्या नावाने चालावा, या प्रश्नातून केरेतारो शहरात एक कट शिजला; इदाल्गोही त्यात सामील होता. तो फुटताच तेथील प्रमुख अधिकाऱ्याची पत्नी होसेफा ओर्तिस दे दोमिंगेस हिने कटवाल्यांना सावध केले. ही वार्ता घेऊन कटातील हुआन आल्दामा रातोरात दोलोरेसला पोहोचला. त्यांचा आणखी एक साथीदार इग्नासिओ आयेंदे तेथे आधीच होता. अटक टाळायची तर उठाव त्याच दिवशी करणे भाग होते. तुरुंगातील कैदी सोडवण्यात आले व चर्चची घंटा वाजली.

इदाल्गो नेमके काय बोलला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. भाषणाची त्या वेळी लिहून घेतलेली संहिता उपलब्ध नाही. ‘सातवा फेर्नांदो चिरायू होवो’, ‘ग्वादालूपेच्या मातेचा (मेक्सिकोत पूजले जाणारे मेरीमातेचे रूप) विजय असो’, ‘दुष्ट राजवटीचा नाश होवो’ या घोषणा बहुतेक जुन्या वृत्तांतांत थोड्याफार फरकाने येतात. त्यांतील काही बंडखोरांच्या ध्वजावरील मजकुरावरून घेतल्या असाव्यात. ग्वादालूपेच्या मातेचे चित्र त्याच दिवशी, बंडखोर दोलोरेसहून निघाल्यावर, वाटेतील आतोतोनिल्कोच्या देवस्थानातून उचलण्यात आले. त्यामुळे तिचा जयजयकार दोलोरेसमध्येच झाला, असे ठामपणे म्हणणे कठीण आहे.

पकडला गेल्यानंतर आल्दामाने १८११ मध्ये दिलेली जबानी या संदर्भात अधिक विश्वसनीय वाटते. तिच्यानुसार रविवार असल्याने आसपासच्या वस्त्यांतून लोक प्रार्थनेला आले होते आणि सकाळी आठपर्यंत सहाशेहून अधिक माणसे जमली. राज्य फ्रेंचांच्या हवाली करण्याचा घाट घातला जात आहे, ते राखायला मदत करा, जुलूम संपला, यापुढे कर नाही, असे इदाल्गोने त्यांना सांगितले. घोडा व शस्त्र घेऊन येणाऱ्यास रोज एक पेसो आणि पायदळात येणाऱ्यास त्याच्या निम्मे, म्हणजे चार रेआल, असा दरही त्याने जाहीर केला. करमाफी आणि रोजमुरा यांचा हा उल्लेख मोलाचा आहे: राजाच्या कैदेपेक्षा डोक्यावरचा कर हे रानात राबणाऱ्या माणसाचे रोजचे दुःख होते, आणि हाक पोहोचली ती तेथे. स्पेनपासून पूर्ण फारकत हा अर्थ तिला पुढील काळात, विशेषतः इदाल्गोनंतर लढ्याची धुरा घेणाऱ्या मोरेलोसच्या नेतृत्वाखाली, स्पष्टपणे लाभला. इदाल्गोला ३० जुलै १८११ रोजी चिवावा येथे देहान्त शासन झाले.

१६ सप्टेंबर दरवर्षी साजरा व्हावा, ही मागणी मोरेलोसने १८१३ मध्ये मांडलेल्या ‘राष्ट्राच्या भावना’ या मसुद्याच्या २३व्या कलमात आहे. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास याने स्वतःच्या वाढदिवसासाठी (१५ सप्टेंबर) सोहळा आदल्या रात्री आणला, ही समजूत लोकप्रिय असली तरी मान्य करण्याजोगी नाही. १५ च्या रात्रीचे समारंभ तो सत्तेवर येण्यापूर्वीपासून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, आढळतात. फ्रान्सच्या पाठिंब्यावर मेक्सिकोच्या गादीवर आलेल्या सम्राट माक्सिमिलियाननेही १८६४ मध्ये दोलोरेसला जाऊन त्याच रात्री हाक दिली होती. दियासच्या काळात सोहळ्याला दरबारी थाट मात्र आला. दोलोरेसची मूळ घंटा १८९६ मध्ये राजधानीतील राष्ट्रीय प्रासादावर बसवण्यात आली.

आता १५ च्या रात्री अकराच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष प्रासादाच्या सज्जात येऊन घंटा वाजवतात व वीरांची नावे घेतात; खालच्या सोकालो चौकातील जनसमुदाय प्रत्येक नावाला ‘विवा!’ अशी साद देतो. शेवटी ‘विवा मेहिको’ तीनदा. दुसऱ्या दिवशी सैनिकी संचलन होते. फेर्नांदोचे नाव या घोषणांत नसते. बाकीची नावे राष्ट्राध्यक्षागणिक थोडी बदलतात. क्लाउदिया शेनबाउम यांनी २०२५ मध्ये ही हाक दिली. असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष होत.

परदेशात कधीकधी मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन समजला जाणारा ५ मे हा दिवस याहून वेगळा असून तो १८६२ मध्ये प्वेब्ला येथे फ्रेंच सैन्यावर मिळवलेल्या विजयाचा आहे.