सिकॅमोर व्हिनियर घेण्यापूर्वी: नेमकं कोणतं झाड हवंय?

कपाटाच्या दारांना सिकॅमोरचं व्हिनियर, म्हणजे लाकडाची पातळ शीट, लावायची म्हणून बरेच ग्राहक मोबाइलवरचा फोटो दाखवतात. फोटो नीट पाहिल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही. कारण या एकाच नावाने तीन झाडं ओळखली जातात आणि त्यांचं आपसात जवळचं नातं नाही. एक मेपल आहे, दुसरं काश्मीरच्या चिनारच्या कुळातलं, तर तिसरं आपल्या उंबराचं भावंड. अर्थात लाकूडही वेगवेगळं.

युरोपीय सिकॅमोर

फर्निचरवाले नुसतं सिकॅमोर म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हेच अभिप्रेत असतं. शास्त्रीय नाव एसर स्यूडोप्लॅटॅनस. मूळ मध्य आणि दक्षिण युरोपातलं, पण ब्रिटनमध्येही भरपूर. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळचं जे प्रसिद्ध झाड सप्टेंबर 2023 मध्ये रातोरात कापलं गेलं, ते याच जातीचं होतं.

लाकूड जवळजवळ पांढरं, पोत बारीक. काही खोडांत रेषा नागमोडी असतात. अशी शीट उजेडात थोडी तिरकी केली की पट्टे सरकल्यासारखे दिसतात. व्हायोलिनच्या पाठीला पट्ट्यांचं मेपल वापरतात, म्हणून या नक्षीला फिडलबॅक म्हणतात. आमच्या मते सिकॅमोरसाठी जास्त पैसे मोजायचे तर ते या नक्षीसाठी मोजावेत. साधी पांढरी शीट हवी असेल तर स्वस्त पर्याय आहेत, ते आम्ही आवर्जून दाखवतो.

राखाडी सिकॅमोर हे मूळचं याच लाकडाचं रंगवलेलं रूप. अठराव्या शतकात इंग्लंडमधले कारागीर लोहाच्या क्षाराने लाकूड राखाडी करून जडावकामात वापरत.

दोन गोष्टी आधीच सांगतो. हे लाकूड उन्हाने हळूहळू पिवळसर होतं आणि तेलकट पॉलिशने तर लगेचच. पांढरेपणा टिकवायचा असेल तर सुताराला पाण्यावर आधारित, न पिवळणारं फिनिश सांगा आणि खिडकीचं थेट ऊन पडणारी भिंत टाळा. दुसरं म्हणजे ओल याला सोसत नाही, बुरशी लवकर धरते. कोकणातल्या घरात बाहेरच्या दारासाठी किंवा बाथरूमसाठी कोणी मागितलं तर आम्ही नाहीच म्हणतो.

अमेरिकन सिकॅमोर

प्लॅटॅनस ऑक्सिडेंटॅलिस. चिनारसारखीच याची साल पापुद्र्यांनी सुटते आणि आतला पांढरा बुंधा दिसतो. तिकडे याला बटनवुडही म्हणतात. 17 मे 1792 रोजी वॉल स्ट्रीटवर 24 दलालांनी केलेला करार याच झाडाच्या नावाने ओळखला जातो. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराची सुरुवात तिथून धरतात.

लाकूड तांबूस-तपकिरी असतं. क्वार्टर कट केलं, म्हणजे वाढीच्या कड्यांना काटकोनात कापलं, की ठिपक्यांचं दाट जाळं उमटतं, आणि तीच याची शोभा. पांढऱ्या सिकॅमोरचा फोटो दाखवून ऑनलाइन मागवलं आणि हे घरी आलं, तर ते खराब नसतं. झाडच वेगळं असतं. फक्त जाळीची नक्षी आवडली असेल तर आपल्याकडच्या सिल्व्हर ओकची क्वार्टर कट शीटही पाहून घ्या.

इजिप्तचं सिकॅमोर

नावाचा मूळ मालक हाच, फायकस सिकोमोरस. बायबलमधला जक्कय येशूला पाहायला यरीहोत ज्या झाडावर चढला, ते हे. उंबरासारखीच याची फळं थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात. प्राचीन इजिप्तमध्ये याच लाकडाच्या शवपेट्या करत. त्याचं व्हिनियर मात्र आमच्याकडे नसतं, त्यामुळे कोणी त्या नावाने विकत असेल तर शास्त्रीय नाव जरूर विचारा.

ऑर्डर देताना

बिलावर शास्त्रीय नाव आणि कट, दोन्ही लिहून घ्या. सगळ्या शीट एकाच ओंडक्याच्या मागा, नाहीतर शेजारशेजारच्या दारांचा रंग जुळत नाही. नमुन्याचा तुकडा घरी न्या, तुमच्या सुताराकडून त्यावर ठरलेलं पॉलिश मारून घ्या आणि जिथे लावायचा आहे तिथेच, दिवसाही आणि रात्रीच्या दिव्यातही पाहा. मग नग सांगा.