निळ्या गोळीमागचा शंभर वर्षांचा धागा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत दुपारची खिचडी झाली की आठवड्यातून एकदा निळी गोळी वाटतात. लोह आणि फॉलिक ॲसिडची. कुणी पटकन गिळते, कुणी गालात दाबून बाईंची पाठ वळायची वाट बघते, कारण मागे उपाशीपोटी घेतली तेव्हा मळमळलं होतं. गोळी का घ्यायची हे समजावून सांगितलं की त्याच पोरी दुसऱ्या खेपेला आपणहून ओळीत उभ्या राहतात.

मुलीचं शिक्षण आणि तिचं आरोग्य एकाच हाताने सांभाळायचं, हे करवीरला नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात संस्थानातल्या मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकरांकडे होती. त्यांची लेक कृष्णाबाई डॉक्टर झाली. महाराजांनी तिला पुढच्या शिक्षणासाठी परदेशी धाडलं. ज्या दवाखान्यात तिने बायकांवर उपचार केले, तो आज सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणून सगळ्यांना माहीत आहे. आई शाळांकडे बघते आणि लेक दवाखान्यात, हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. 1917 साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुढच्याच वर्षी धाकटे राजपुत्र शिवाजी अपघातात गेले. त्यांची पत्नी इंदुमती तेव्हा जेमतेम बारा वर्षांची. महाराजांनी त्या लेकराला सोवळ्यात कोंडलं नाही, शिकवलं. पुढे इंदुमतीदेवींनी स्वतः कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचं काम उभं केलं.

त्यानंतर शाळा वाढल्या, एसटीचा मोफत पास आला, वाडीवरची पोर हायस्कुलात पोचली. शरीराविषयी बोलणं मात्र मागे राहिलं. ‘कावळा शिवला’ एवढंच कानावर यायचं, पुढचं जिचं तिनं समजून घ्यायचं. सुबत्तेनेही मन बदललं नाही. उसाचा पैसा खेळणाऱ्या या जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या 839. त्या धक्क्यातून, पोटातला गर्भ मुलीचा आहे का हे कुणी तपासू नये म्हणून, सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवण्याची मोहीम इथेच उभी राहिली. 2011 ला आकडा 863 झाला. तोही समाधानाचा नाही.

राज्यात याच सुमारास उलटा वारा वाहिला. किशोरवयीन शिक्षणाचा केंद्राचा कार्यक्रम शाळांत येऊ लागला आणि 2007 मध्ये ‘लैंगिक शिक्षण’ या शब्दावरून विधिमंडळात गदारोळ होऊन महाराष्ट्राने तो थांबवला. माझ्या मते ती मोठी चूक होती. ज्या पोरींना घरी कुणी सांगणार नव्हतं, त्यांची हक्काची जागा त्या दिवशी बंद झाली. मग तेच विषय ‘जीवनकौशल्य’ या नावाने परतले. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात दहा कौशल्यं सांगितली होती: निर्णय घेणं, स्वतःला ओळखणं, ताण सोसणं, वगैरे. आपल्या पोरींच्या भाषेत सांगायचं तर नकोशा स्पर्शाला ‘नाही’ म्हणता येणं, आणि दहावीच्या आत बघायला पाहुणे आले तर बापाशी बोलायचं धाडस असणं.

2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. 10 ते 19 वयोगटासाठी पोषण, मन, पाळी, व्यसन, हिंसा हे सगळं त्यात एकत्र आलं. 2018 च्या महिला दिनी आलेल्या राज्याच्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत आठ पॅड मिळू लागले. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी निघाल्या. गोळी पोचली, पण घरी पोर सगळ्यांच्या मागून जेवते. पॅड आले, तरी ते बदलायला जिथे जायचं त्या संडासात पाणी नसेल, तर त्या चार दिवसांत पटावर तिच्यापुढे गैरहजेरी लागणारच.

म्हणूनच काही शाळांत वर्गात खोक्याची पेटी ठेवतात, नाव न घालता चिठ्ठी टाकायला. शनिवारी बाई त्या मोठ्याने वाचतात. एकीत पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ‘लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का?’ बाई आधी सगळ्या वर्गाकडे बघतात, मग म्हणतात, नाही गं, मी कालच लावला.